पिकार्ड, त्याचा भाऊ आणि ती वाईनची बाटली

काल रात्री मित्रांच्या ग्रुपवर परत तोच वाद, स्टार ट्रेकमधला कॅप्टन कर्क भारी का कॅप्टन पिकार्ड भारी, आणि एकाने नेहमीचा डायलॉग टाकला की पिकार्ड म्हणजे हेडमास्तर, भाषणं झकास ठोकतो पण माणूस म्हणून थंडगार. तिथे टाइप करत बसलो असतो तर उजाडलं असतं म्हणून इथे लिहितोय. स्टार ट्रेकशी देणंघेणं नसलेल्यांनी खुशाल स्क्रोल करा. आणि हो, स्पॉयलर भरपूर आहेत, पण 30 वर्षं होऊन गेली राव, आता काय.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो थंड नाहीये, तो जवळ यायला घाबरतो. आणि पिकार्डच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेचे सातही सीझन, 1987 ते 1994, मी तरी हेच बघत होतो की हा माणूस कुणाला किती आत येऊ देतो. एलियन वगैरे आहेतच मधेमधे.

माझ्यासाठी सगळ्याची किल्ली म्हणजे 1990 चा 'फॅमिली' हा एपिसोड. ना फायरिंग, ना एलियन, जहाजावरचा अँड्रॉइड ऑफिसर डेटा तर अख्ख्या एपिसोडमध्ये दिसतच नाही. त्याच्या आधी काय झालंय की बोर्ग नावाच्या अर्धमशीन एलियननी पिकार्डला पळवून त्याला त्यांच्यातलाच एक करून टाकलंय, त्याचंच डोकं वापरून स्टारफ्लीटची, म्हणजे पिकार्डच्याच अंतराळ दलाची, 39 जहाजं संपवलीत, आणि आता तो सुटलाय, शरीराने बराय, सगळ्यांना सांगतोय मी ठीक आहे मी ठीक आहे. आणि जातो कुठे, तर फ्रान्समध्ये ला बारला, स्वतःच्या गावी, जिथे मोठा भाऊ रॉबर्ट घरची द्राक्षबाग सांभाळतोय.

रॉबर्ट म्हणजे एकदम जुन्या वळणाचा, घरात रेप्लिकेटर, म्हणजे आयतं जेवण बनवणारं मशीन, सुद्धा चालत नाही त्याला, स्वयंपाक हाताने झाला पाहिजे. आणि धाकट्यावर प्रचंड राग. का, तर वडिलांचे सगळे नियम याने पाळले, मोडले धाकट्याने, आणि शाळेत बक्षिसं, कौतुक सगळं धाकट्यालाच. एक भाऊ शेती बघतो, दुसरा बाहेर जाऊन साहेब होतो आणि सुट्टीला आला की सगळे त्याच्याच भोवती, अशा घरात वाढलेल्यांना रॉबर्ट वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः धाकटा आहे, त्यामुळे मला तो एपिसोड बघताना जरा अवघडल्यासारखंच होतं.

तर हे दोघं, चांगले पन्नाशीच्या पुढचे बाप्ये, बागेत भांडता भांडता एकमेकांना चिखलात लोळवतात. आधी मारामारी, मग हसणं, आणि हसता हसता पिकार्ड जो काही रडायला लागतो... मी त्यांना थांबवू शकलो नाही, मी कमी पडलो, असं काहीतरी बोलत. जहाजावर हजार माणसं आहेत, ट्रॉयसारखी काउन्सेलर आहे, पण रडला कुणासमोर, तर ज्याच्याशी आयुष्यभर पटलं नाही त्या भावासमोर. कारण रॉबर्टला त्याच्या रँकचं काडीचंही कौतुक नाही! तिथे कॅप्टन म्हणून उभं राहायची सोयच नव्हती. आणि रॉबर्ट पण मिठी मारून समजूत वगैरे काढत नाही, सरळ सांगतो की आता हे तुला कायम बरोबर घेऊनच जगायचंय. मला विचाराल तर पिकार्ड परत खुर्चीत बसू शकला तो या वाक्यामुळे.

निघताना रॉबर्ट त्याला घरच्या वाईनची बाटली देतो, आणि बजावतो की शक्यतो एकट्याने पिऊ नकोस.

ही बाटली लक्षात ठेवा. पुढे त्याच सीझनमध्ये, 1991 मध्ये, मालकोर नावाच्या ग्रहाच्या प्रमुखाला पिकार्ड भेटतो, म्हणजे त्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा परग्रहावरचा माणूस बघितलाय, आणि तेव्हा तो हीच बाटली उघडतो, भावाचं नाव काढून. अख्ख्या मानवजातीच्या वतीने बोलायचं तर हा भाषण नाही देत, घरची वाईन ओततो. चिखलात लोळायच्या आधीच्या पिकार्डला हे सुचलं असतं का, मला नाही वाटत.

मुलांचं घ्या. पहिल्याच एपिसोडमध्ये आपल्या हाताखालच्या नंबर दोनच्या ऑफिसरला, रायकरला सांगतो की मला पोरांमध्ये जमत नाही, तू सांभाळून घे. आणि 1991 च्या 'डिझास्टर'मध्ये पाय दुखावलेला, लिफ्टमध्ये तीन पोरांबरोबर अडकलेला, त्यांना क्रू बनवून, फ्रेंच बडबडगीत म्हणत वर चढवतो. असो, हे सगळ्यांना आठवतंच.

बेव्हर्लीचं मात्र मला अजून बोचतं. तिचा नवरा जॅक हा पिकार्डचा जिवलग मित्र, आणि गेला तो पिकार्डच्याच हाताखाली मोहिमेवर असताना. आता तीच बाई याच्या जहाजावर डॉक्टर, दोघं सकाळी नाश्ता बरोबर करतात, आणि हा वर्षानुवर्षं गप्प. शेवटी सातव्या सीझनमध्ये एका ग्रहावर दोघांची मनं मशीनने जोडली जातात, एकाचे विचार दुसऱ्याला ऐकू यायला लागतात, तेव्हा कुठे कळतं की जॅक जिवंत असल्यापासून याचं तिच्यावर प्रेम होतं. म्हणजे स्वतःहून बोललाच नाही, मशीनने बोलायला लावलं! आणि मग म्हणतो आता घाबरायला नको, तर ती म्हणते कदाचित घाबरायलाच हवं. बरोबर केलं तिने, इतकी वर्षं थांबवल्यावर काय होणार.

आणि ती बासरी. 'इनर लाइट'मध्ये तो 20-25 मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात मनातल्या मनात कामिन नावाचा माणूस म्हणून एक अख्खा संसार करून येतो, बायको, दोन मुलं, नातू, म्हातारपण. हातात उरते फक्त बासरी. पुढच्या वर्षी जहाजावरच्याच ऑफिसरच्या, नेला डॅरेनच्या प्रेमात पडतो तेव्हा त्या संसाराबद्दल तो फक्त तिला सांगतो. आणि मग एक दिवस तिलाच मरायच्या जागी पाठवायची ऑर्डर द्यावी लागते. ती वाचते, पण त्यालाच कळतं की परत अशी ऑर्डर माझ्याने द्यायची नाही, म्हणून ती बदली घेते. याला थंड म्हणताय तुम्ही?

मे 1994, शेवटचा एपिसोड. सगळे ऑफिसर वर्षानुवर्षं रायकरच्या खोलीत पोकर खेळतायत आणि कॅप्टन कधीच गेलेला नाही. शेवटच्या सीनमध्ये जातो, बसतो, पत्ते पिसतो, म्हणतो हे मी फार आधी करायला हवं होतं. रॉबर्टची बाटली आठवते का?

आणि त्याच वर्षीच्या सिनेमात यांनी रॉबर्टला आणि पुतण्या रेनेला घराला आग लावून मारून टाकलं, पडद्याबाहेरच, नुसती बातमी येते. लेखकांना मी यासाठी अजून माफ केलेलं नाही, फुकटचं रडवायला मारलं. पण एक सीन आहे, पिकार्ड खोलीत फोटोंचा अल्बम घेऊन बसलाय आणि ट्रॉय येते. आधी टाळतोच, जुनी सवय. मग सांगतो, आणि रडतो. बागेतल्या चिखलात रडला होता तेव्हा समोर रॉबर्ट होता, इथे रॉबर्टसाठी रडतोय आणि समोर त्याच्याच जहाजावरची ऑफिसर बसलीये.