अर्धंच खरं!

‘अमेरिकेत लायसन्सशिवाय एसीला हात लावता येत नाही’ हे एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. देशभर सक्तीचं आहे ते ईपीएचं (तिथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं) ६०८ सर्टिफिकेट, तेही एसीतला गारवा देणारा गॅस हाताळण्यापुरतं. परीक्षा एकदा पास झालात की आयुष्यभर चालतं. पुढचं सगळं राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात सी-२० लायसन्ससाठी, म्हणजे एसीच्या कंत्राटदाराच्या परवान्यासाठी, ४ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. टेक्सासात ‘बी’ वर्गाच्या कंत्राटदाराला २५ टनांपर्यंतच्याच कूलिंग यंत्रणांचं काम करता येतं. आणि इलिनॉयमध्ये? एसीच्या कामाला राज्याचं लायसन्सच नाही, जे काय ते शहर ठरवेल!

माझा आतेभाऊ पुण्यात आयटीआयला २ वर्षांचा एसीचा ट्रेड करून गेलेला. इलिनॉयमधल्या शिकागोजवळ बिनघोर कामं करायचा. टेक्सासातल्या डॅलसला घर हलवलं आणि गडी पुन्हा विद्यार्थी झाला. मशीन तेच, गॅस तोच, पण स्वतःचा धंदा काढायचा तर परीक्षा द्या. तोवर टेक्निशियन म्हणून नाव नोंदवून दुसऱ्याच्या हाताखाली राबा. (इथे आमच्या सोसायटीत येणाऱ्या एसीवाल्याला कागद कोण विचारतो म्हणा!) टेक्सासात कंत्राटदाराच्या गाडीवर लायसन्स नंबर लिहावाच लागतो. भावाने तो रंगवून घेतला, तेव्हा गाडीला हार घालून फोटो पाठवला होता.