सगळे हंस राजाचे? खुलासा

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींत एक फॉरवर्ड फिरतोय: ‘तळ्यावरचे सगळे हंस राजाच्या मालकीचे, पाव घातलात तर गुन्हा, शिवाय पाव त्यांना विषच.’ यात खऱ्याला बरंच खोटं चिकटलंय.

खुल्या पाण्यातल्या, खूण नसलेल्या मूक हंसांवर (‘म्यूट स्वान’ ही हंसाची जात) मालकी सांगण्याचा हक्क राजाला आहे. पण तो प्रत्यक्षात बजावला जातो तो थेम्स आणि तिच्या काही उपनद्यांवर. तिथेही व्हिंटनर्स आणि डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांचा वाटा आहे. दरवर्षी जुलैत होड्या घेऊन पिल्लांची मोजणी होते, वजन होतं, तब्येत तपासली जाते. डॉर्सेटमधल्या ॲबट्सबरी या गावच्या हंसवसाहतीतले हंस तर राजाचे नाहीतच.

हंसाला इजा करणं, घरटं वा अंडी मोडणं हा गुन्हा खराच, पण तो १९८१च्या वन्यजीव कायद्यामुळे. मालक कोण याचा त्यात संबंध नाही. ताजा पाव थोडा घातला तर विष नव्हे. बुरशी आलेला मात्र नको. त्यापेक्षा लेट्यूस, पालक किंवा गहू बरा, आणि तोही पाण्यात टाका; काठावर टाकला की अख्खं कुटुंब रस्त्यावर येतं.

‘करडी पिल्लं दुसऱ्याच पक्ष्याची’ हे तर साफ चूक. आईच्या पंखांत बसून, फक्त मान बाहेर काढून फिरणारा तो राखाडी गोळा हंसच असतो. बापानं पंख फुगवून फुत्कार टाकला, की मुकाट्यानं मागं व्हायचं.