गरिबाची पोरं भाकरी खाऊन टणटणीत? जरा थांबा

सध्या सोलापूरच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, की गरिबाघरची पोरं ज्वारीची भाकरी न् शेंगाचटणी खाऊन टणटणीत, श्रीमंतांची पिझ्झा खाऊन रोगी, आणि पोरी अशक्त असतात त्या डाएटच्या फॅडमुळं. लोकं अंगठे देतायत.

पहिलं भाकरीचं. ती गरिबाकडं रोज असते का हल्ली? रेशनला येतो जास्त करून गहू न् तांदूळ, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग, मग शहराच्या पूर्व भागात बिड्या वळून दर हजार बिड्यांमागं मजुरी घेणाऱ्या घरात भात आणि पातळ आमटी हेच जास्त. शेंगाचटणी झकासच, वादच नाही, पण वाढत्या पोराला डाळ, अंडं, दूध, फळ लागतं आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री यालाच लागते. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, जीआय म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळालेलं, ते रोज विकत घेणारी घरं किती ते मंडईत उभं राहून बघा.

जंक फक्त श्रीमंत खातात हे पण काहीतरीच. पाच रुपयाचं पाकीट वस्तीतल्या टपरीवर पण लटकतंय, आणि आई सकाळपासून कामाला जुंपलेली असली की पोराच्या हातात दहाची नोट हाच डबा. हां, लठ्ठपणा पैसेवाल्यांत जास्त, एवढं मान्य. पण केंद्राच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची सुमारे २४ टक्के मुलंमुली वयाच्या मानानं बारीक निघाली आणि जास्त वजनाची ५ टक्क्यांच्या आसपास. फॉरवर्डवाल्याला फक्त दुसरीच दिसतायत.

आता पोरींचं, ज्याचा मला खरा राग आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. देशातल्या एवढ्या पोरी काय डाएटवर आहेत? पाळी सुरू झाली की लोह जास्त लागतं, १३ ते १५ वयात मुलीला दिवसाला ३० मिलीग्रॅम, मुलाला २२. आणि ताटात उलटं, बाप-भाऊ आधी जेवणार, अंडं एकच असलं तर ते दादाला, पोरगी आईबरोबर शेवटी उरलंसुरलं खाणार, वर लगेच चहा, म्हणजे होतं तेवढं लोह पण नीट अंगी लागत नाही. पैसेवाल्या घरात हे प्रमाण थोडं उतरतं पण संपत नाही, कारण घरात काय येणार ते पगार ठरवतो, आलेलं कुणाच्या ताटात पडणार ते वेगळंच काहीतरी ठरवतं.

शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच, म्हणजे नववीपासून, ऐन गरजेच्या वयात, ते बंद. लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, ती बारावीपर्यंत आहे, पण उपाशीपोटी मळमळतं म्हणून ती गपचूप दप्तरात जाते. तुमच्या घरच्या ताईला विचारा, गोळी जेवून घेतली का.