मालकाचे उत्तर: शेवट मी फोडलेला नाही

नमस्कार सर. आमच्या पुस्तकांच्या दुकानाला एकच स्टार देऊन आपण लिहिलंत, की इथून नेलेली दीपगृहावरची रहस्यकादंबरी महाग पडली, संथ निघाली आणि शेवटही मीच फोडला. आपल्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटलं, दिलगीर आहे. किमतीचं म्हणाल तर छापील किमतीवर दहा टक्के सूट आम्ही सगळ्यांनाच देतो. ऑनलाइनवाल्यांइतकी परभणीतल्या दुकानाला परवडत नाही, पार्सलचं भाडं आमच्याच अंगावर पडतं. कादंबरी संथ वाटली, असेल. धुकं, काचा पुसणं आणि भिंग फिरवणाऱ्या यंत्राला रात्रभर चावी देणं यातच शंभर पानं जातात, पण दीपगृहावरच्या माणसांची नोकरीच ती होती.

मात्र ‘दुकानदारानं काउंटरवरच शेवट सांगून टाकला’ असं जे लिहिलंत, ते फार लागलं. पुस्तकवाल्यावर रहस्य फोडल्याचा आळ म्हणजे सोनारावर तोळ्यात मारल्याचा आळ.

झालं काय ते सांगतो. आपण विचारलंत, हे खरं घडलंय का? मी म्हणालो, बेट आणि माणसं लेखकाची, धागा खरा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवर 1900 च्या डिसेंबरात दीपगृहाचे तिघंही रखवालदार नाहीसे झाले. 15 तारखेच्या रात्री जवळून गेलेल्या जहाजाला दिवा दिसला नाही. बदलीचा माणूस आणणारी बोट खराब हवेमुळं अडकली, ती 26 ला पोचली. दिवा पुसून, तेल भरून तयार, माणूस एकही नाही. एकाचा पावसाळी कोट तिथंच राहिलेला. चौकशीला गेलेले अधिकारी रॉबर्ट म्यूरहेड यांनी लिहिलं की मोठ्या लाटेनं ओढून नेलं असावं. प्रेतं मिळालीच नाहीत. न खाल्लेलं जेवण नि कलंडलेली खुर्ची 1912 च्या एका कवितेतून पसरली, हेही बोललो, कारण आपणच मोबाईलवर ते दाखवत होतात.

हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा इतिहास आहे सर. याला शेवट सांगणं म्हणतात का? लेखकानं लाटच धरली की दुसरं काही, ते मी तेव्हाही बोललो नाही, आताही लिहीत नाही. नाहीतर उरलेला एक स्टारही जायचा.

आता विषय निघालाच आहे म्हणून. पंख्याखाली उभं राहून, बोट ओलं करून शेवटचं पान तुम्हीच उघडलंत. ‘किती पानं आहेत बघतो’ म्हणालात. आकडा तर खालच्या कोपऱ्यात असतो, तुम्ही मात्र चांगले दोन परिच्छेद खाली उतरलात. गिऱ्हाईक आहे म्हणून गप्प बसलो. पुस्तक परत आणलंत तेव्हा तोच कोपरा दुमडलेला होता. परत घेतलं नाही ते त्यामुळं, उद्धटपणा म्हणून नाही.

आमचं दुकान जून-जुलैत वह्या-पुस्तकांवर आणि एरवी एमपीएससीच्या गाईडांवर चालतं. कादंबऱ्यांचं एक कपाट हौसेनं ठेवलंय. असं काही वाचून चार माणसं आली नाहीत तर आधी तेच काढावं लागतं.

यापुढं कुणी विचारलं तरी गोष्टीबद्दल जपून बोलायचं, असं मुलालाही सांगितलंय. सूट वाढवायचंही बघू. या कधी, दुसरं काही दाखवतो. रहस्यकथांना प्लॅस्टिकचं वेष्टन घालायचा विचार चालू आहे.