आकृतीच उलटी छापली असेल तर?

विमानदुरुस्तीतल्या चुकांचं जवळजवळ सगळं खापर तुमच्या लेखात मेकॅनिकच्या घाईवर फोडलंय, ते पटलं नाही. २६ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत हायॅनिसहून उडालेलं कोलगन एअरचं बीचक्राफ्ट १९००डी थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्याआधी एलिव्हेटर ट्रिमची (विमानाचं नाक वर-खाली साधणाऱ्या यंत्रणेची) केबल बदलली होती, आणि ती ज्या ड्रमवर गुंडाळतात त्याची आकृती विमान बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्येच उलटी! म्हणजे वैमानिक नाक वर करायला चाक फिरवणार आणि ट्रिम नाक खाली दाबणार. काम झाल्यावर नीट चाचणी झाली नाही, वैमानिकांनीही चेकलिस्ट पाळली नाही, हे खरंच. पण सुरुवात कुठे झाली?

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतच शार्लटला याच जातीचं विमान कोसळून २१ जण गेले. तिथे मॅन्युअलमध्ये फक्त केबलचा ताण जुळवायची वेगळी कृती नव्हती, होती ती पूर्ण रिगिंगची (म्हणजे सगळी केबल-यंत्रणा जुळवण्याची). मग कुठल्या पायऱ्या गाळायच्या हे मेकॅनिकने आपल्या मनाने ठरवलं (आणि शेजारी उभ्या इन्स्पेक्टरने होकार दिला, हे तर कहरच).

पुढच्या भागात मॅन्युअल लिहिणाऱ्यांबद्दलही लिहा की राव.