मारा की साहेब

गोल्फमधला सगळ्यात अवघड शॉट कुठला म्हणाल तर चार माणसं बघत असताना ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, पिशवीतच ठेवून कमी लांब जाणारी सात नंबरची आयर्न काढणं. पाणी, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, वारा ह्यांचं एवढं काय नाही हो, पण मागनं "काय ओ, बरं नाही काय आज" असा जो आवाज येतो ना त्याच्यावर कुठल्याच रूलबुकात इलाज नाही.

बेळगावचा माणूस माघार कशातच घेत नाही, पंगतीत नाही आणि सीमाप्रश्नावर तर नाहीच नाही, मग टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून "मी जरा जपून मारतो" म्हटलं की खानदानाची अब्रू गेल्यागत बघतात सगळे. आमच्यात एक डॉक्टर, एक वकील, एक निपाणीचे तंबाखूवाले आणि मी. तिघंही चौदाच्या चौदा क्लब घेऊन येतात, नियमानं त्याच्यावर नेता येत नाहीत म्हणून, नाहीतर वीस आणले असते, आणि टीवर काढतात एकच, ड्रायव्हर.

माझा हिशोब सरळ आहे. पार चारचं होल, म्हणजे चार फटक्यात संपवायचं, ३८० यार्ड. माझी सात नंबर बरी बसली तर १३० जाते, म्हणजे तीन फटक्यात ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, तिथनं भोकाकडं ढकलायचे दोन हलके फटके (पट), झाले पाच. पारपेक्षा एक जास्त, बोगी. अठराही होलला असंच झालं तर पार ७२ च्या कोर्सवर ९०, आणि आमच्यासारख्या रविवारच्या गड्यांना ९० म्हणजे दिवाळीच की. झेंड्याकडं बघायचंच नाही, तो बंकरच्या मागं मुद्दाम लावलेला असतो, गप ग्रीनच्या मधोमध मारायचं. भोक १०८ मिलिमीटरचं, त्याला एवढ्या लांबनं नेम धरणारे आपण कोण लागून गेलो.

डॉक्टरांचा ड्रायव्हर कधीकाळी एकदा २३० यार्ड सरळ गेला होता, तेव्हापासनं ते दरवेळी तोच फटका धरून चालतात. एरवी चेंडू हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडं, रताळ्याच्या रानात. आउट ऑफ बाउंड्स म्हणजे एक पेनल्टी आणि परत तिथनंच मारायचं, म्हणजे टीवरनंच तिसरा फटका. चेंडू शोधायला २०१९ पासनं तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती, पण आमच्यात घड्याळ कोण बघतंय, सगळे वाकून वेल उचकटत बसतात, आणि रान जिचं आहे त्या आजीनं बांधावर डालड्याचा जुना डबा ठेवलाय, सापडलेले चेंडू पदराला पुसून त्यात टाकते, पंधराला एक. डॉक्टरांनी स्वतःची सही असलेला चेंडू घासाघीस करून दहाला परत घेतलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. आमच्या पिशव्या वाहणारा कॅडी प्रत्येकाला "मारा की साहेब, जातंय" म्हणून का चढवतो ते मला त्या दिवशी कळलं, आजी त्याचीच.

वकीलसाहेबांना एकदा मी १९९९ च्या ब्रिटिश ओपन ह्या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा दाखला दिला. स्कॉटलंडातलं कार्नुस्टी, शेवटचं होल, फ्रान्सच्या झाँ व्हान द वेल्डला तीन फटक्यांची आघाडी, सहात संपवलं तरी कप हातात. पठ्ठ्यानं ड्रायव्हर काढला. तिथनं कसाबसा वाचला तर परत ग्रीनच्याच दिशेनं हाणला, चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून उंच गवतात, गवतातनं ओढ्यात, मग बूटमोजे काढून, पँट वर सारून हा पाण्यात उभा. झाले सात. बरोबरी, म्हणून जादा होलचा प्लेऑफ, आणि कप गेला पॉल लॉरीकडं, जो त्या दिवशी सकाळी दहा फटके मागं होता. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आता तुम्ही गोष्ट कुणाची सांगितलासा? जिंकला त्याची?" कोर्टात ह्यांच्यासमोर कोण उभं राहत असेल देव जाणे.

बरं, जिंकून तरी सुख आहे काय? पूर्वी हरलेला नाश्ता द्यायचा. मी सात नंबर धरल्यापासनं वकिलांनी नियम बदलला, आता जिंकलेला देतो. म्हणजे मी ९३ वर संपवायचं, ह्यांनी शंभराच्या पुढं कुठंतरी मोजणं सोडून द्यायचं आणि वर इडलीवडा, कॉफी माझ्या खात्यावर. डॉक्टर सगळ्यांना सांगतात साखर कमी करा, आणि बिल माझ्याकडं आलं की कुंदा मागवतात, पाव किलो घरी न्यायला पार्सल. तंबाखूवाल्यांनी तर परवा हात धुता धुता माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "पुढच्या रविवारी पण असंच जपून खेळा बरं का."