मावशी, उठा की!

लावणीच्या कार्यक्रमाहून आत्ताच घरी आलेय. बारा वाजून गेलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सोबत आत्या होती. वय ६८, आणि लावणी समोर बसून बघायची ही पहिलीच वेळ! गावच्या जत्रेत तमाशा यायचा तेव्हा घरातले पुरुष जायचे. आत्या आणि तिची आई अंथरुणात पडून ऐकायच्या. गण संपला, गवळण लागली, आता वग सुरू झाला, सगळं ढोलकीवरून कळायचं. नाचणारी बाई मात्र कधी दिसली नाही.

आज दिसली. साठीच्या पुढच्या एक बाई नऊवारीचा पदर सावरून बसल्या आणि बैठकीची लावणी सुरू केली. एकच ओळ, पाच-सहा वेळा. एकदा लाडात, एकदा रुसून, एकदा नुसती भुवई. आत्या माझा हात दाबून म्हणाली, "बघ बघ, खोटं खोटं रागावलीय."

आणि मागून आवाज आला, "मावशी, उठा की! नाचा की!"

अरे, बसून गायची लावणी आहे ती! अशीच लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्या गेल्या तेव्हा 'लोककलेची मोठी हानी' म्हणून हळहळलो आपण. आणि समोर जिवंत बाई गातेय तर पाच मिनिटं धीर निघत नाही?

हो, शिट्ट्या, फेटे उडवणं हे सगळं तमाशात पूर्वीपासून आहे. माहितीय. पण शिट्टी जागेवर पडली की ती दाद असते. उगाच पडली की नुसता कर्कश आवाज. (सुरुवातीला मीही मोबाईल वर धरला होता. आत्याने कोपर मारल्यावर ठेवला.)

बाईंनी काय करावं? हसल्या, त्या आवाजाच्या दिशेने वळल्या आणि तीच ओळ सातव्यांदा घेतली, अशी की अख्खं थिएटर त्या माणसाला हसलं. मला वाटलं, जिंकल्या.

कसलं काय. निवेदक धावत आला, "खास फर्माईश!" म्हणाला आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं सिनेमातलं गाणं लागलं. पोरी नाचल्या, छान नाचल्या, त्यांच्यावर राग नाहीच. पण ढोलकीवाल्याने ढोलकी बाजूला ठेवली आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिला. वाद्य समोर असताना! तो हात डोळ्यांसमोरून जात नाहीये माझ्या.

रिक्षात आत्या बराच वेळ गप्प होती. पर्सवर बोटं चालू होती, तोच ठेका. मी म्हटलं, वाईट वाटलं का गं?

"कशाचं? त्या ओरडणाऱ्याचं? आमच्या घरापर्यंत पण ऐकू यायचे असले." मग जरा थांबून, "पुढच्या वेळी पहिल्या रांगेतली तिकिटं काढ. भुवई नीट दिसली नाही मला."

काढतेय. कुणाला यायचंय?